प्रश्न कोणता आणि सभागृह कोणते?

(पडघा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत ठाणे जिल्ह्यातला मतदार मतदानकेंद्रात गेला, तेव्हा त्याला मतपत्रिकेवर कोठेही शिक्का मारावयाचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे, आणि मतदाराने हाती दिलेली कोरी मतपत्रिका मनातल्या पेटीत टाकावयाची, एवढेच काम होते. शिक्का मारण्याची पद्धत सर्वसाधारणपणे रूढ झाली ती पुढे १९६२ साली. विधानसभेच्या पेट्या वेगळ्या, लोकसभेच्या वेगळ्या. शिवाय ठाणे लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवलेली असल्यामुळे लोकसभेसाठी प्रत्येकाला दोन मते होती. अक्षरओळख नसलेल्या, रानातून कोसच्या कोस चालत आलेल्या माणसाला ही सारी व्यवस्था उमजेल काय, अशी शंका त्या काळच्या शहरी सुशिक्षितांना फार पडे. ती व्यर्थ ठरली. पेट्यांचा घोटाळा मतदाराने केला नाही. घोटाळा होता तो दुसरीकडेच. त्या वर्षी महाराष्ट्रातील मतदाराच्या मनात जो प्रश्न होता तो एका सभागृहाच्या अधिकारातला होता, आणि त्याचे उत्तर मात्र त्याच्याकडून दोन्ही सभागृहांच्या पेट्यांत घेतले जात होते.

हा प्रश्न कसा उभा राहिला हे थोडक्यात सांगितले तरी पुरे. डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर या त्रिसदस्य आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये आपला अहवाल दिला. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व इतरत्र बऱ्याच अंशी मान्य करणाऱ्या या आयोगाने मराठी आणि गुजराती भाषकांचे मात्र एक द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले आणि विदर्भ त्याबाहेर ठेवला. मग त्रिराज्य योजना आली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहर वेगळे. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होईल असे जाहीर केले. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधल्या गोळीबारांत मुंबईच्या रस्त्यांवर किती रक्त सांडले हे सर्वांना ठाऊक आहे. आंदोलनाच्या हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आणि मग ऑगस्ट १९५६ मध्ये, त्रिराज्याचे विधेयक संसदेपुढे असतानाच, ते बाजूला सारून संसदेने विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य मंजूर करून टाकले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्य निर्माण करणे, तोडणे, जोडणे, त्याच्या सीमा बदलणे हा अधिकार संसदेचा आहे, आणि तोही साध्या बहुमताने वापरावयाचा. ज्या राज्याची मोडतोड व्हावयाची त्याच्या विधिमंडळाकडे राष्ट्रपती विधेयक पाठवतात ते केवळ मत मागण्यापुरते. ते मत संसदेवर बंधनकारक नाही. मुंबईच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार घडला. मुंबई विधिमंडळाकडून मत मागवले गेले ते तीन घटकांच्या योजनेवर. संसदेने प्रत्यक्षात केले ते एक विशाल राज्य. मग नव्या योजनेवर पुन्हा मत घ्यावयास नको काय? बाबूलाल पराते यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पुन्हा विचारण्याची आवश्यकता नव्हती. विधेयक एकदा विधिमंडळाकडे गेले, तेवढे घटनेला पुरेसे आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत याच्या अगदी उलट आहे. तेथे एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढावयाचे झाले तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती घ्यावीच लागते. भारतात २०१४ साली आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक जानेवारीत फेटाळले आणि संसदेने ते फेब्रुवारीत मंजूर केले. घटनेच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नव्हते.

तेव्हा १९५७ साली विधानसभेसाठी उभा असलेला समितीचा उमेदवार मतदारापुढे जे मागणे मांडत होता, ते पुरे करण्याचा अधिकार त्या सभागृहाला नव्हताच. समितीने विधानसभेतल्या सगळ्या जागा जिंकल्या असत्या तरी ठराव करण्यापलीकडे तिला काही करता आले नसते. आणि ज्या लोकसभेला तो अधिकार होता तिच्यातील एकंदर ४९४ जागांपैकी मुंबई राज्याच्या वाट्याला ६६ होत्या. त्या सगळ्या समितीच्या पदरात पडल्या असत्या तरी दिल्लीतील काँग्रेसच्या बहुमताला धक्का लागला नसता. काँग्रेसने देशभरात ३७१ जागा जिंकल्या.

निकाल काय लागले? विधानसभेच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४ मिळाल्या. प्रजासमाजवादी पक्षाला ३६, शेतकरी कामगार पक्षाला ३१, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि कम्युनिस्ट पक्ष यांना प्रत्येकी १३, आणि अपक्षांचा आकडा साठाच्या वर. नुसती ही बेरीज पाहिली तर काँग्रेसचा निर्विवाद विजय दिसतो. परंतु नकाशावर पाहिले म्हणजे चित्र पालटते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द यशवंतराव कराडातून जेमतेम निवडून आले. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारख्या मातब्बर नेत्याला प्रजासमाजवादी पक्षाच्या ना. ग. गोऱ्यांनी हरवले. राजापुरातून नाथ पै, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशकातून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. काँग्रेसला तारले ते विदर्भाने, मराठवाड्याने आणि गुजरातेने. आणि गुजरातेतही अहमदाबादच्या मतदारांनी महागुजरातच्या मागणीसाठी इंदुलाल याज्ञिकांना निवडून दिले होते. म्हणजे ज्या राज्याचे अस्तित्वच मोडून टाकावे असे त्याच्या दोन मोठ्या भागांतील लोक म्हणत होते, त्याच राज्याच्या बेरजेमुळे सत्तारूढ पक्षाला बहुमत मिळाले. द्विभाषिक नको म्हणून मत देणाऱ्याचे मत द्विभाषिकाच्याच हिशेबात मोजले गेले. यावर तोडगा त्या निवडणुकीच्या चौकटीत नव्हता.

समितीची स्वतःची अशी एक निशाणीही नव्हती. घटक पक्ष आपापल्या निशाण्यांवर लढले. कोठे झोपडी, कोठे कणीस-विळा, कोठे हत्ती. तरीही लोकांनी योग्य पेटी हुडकून काढली, याचे श्रेय शाहिरांना आणि गावोगावच्या अनाम कार्यकर्त्यांना दिले पाहिजे. या बाबतीत मुंबई शहराचे उदाहरण बोलके आहे. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात डॉ. आंबेडकर आणि अशोक मेहता हे एकमेकांच्या साथीने उभे होते आणि दोघेही पडले. त्याच मतदारसंघात कम्युनिस्ट पक्षातर्फे डांगे उभे होते. मतदारांनी आपली दोन्ही मते एकाच पेटीत टाकून एक वाया घालवावे असा प्रचार झाल्याची तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक-याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. पाच वर्षांनी त्याच शहरातल्या मध्य मुंबई या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने असे दोघे मिळून विजयी झाले. कोल्हापुरातही शेतकरी कामगार पक्षाचे महागावकर आणि फेडरेशनचे दिगे बरोबरीने निवडून आले. दुसऱ्या मतपत्रिकेचे काय करावयाचे हे आता मतदाराला ठाऊक होते, आणि पक्षांना ते सांगावेसे वाटत होते. बाबासाहेबांचे महानिर्वाण होऊन तेव्हा तीनच महिने लोटले होते. सवर्ण मतदाराने दलित उमेदवाराच्या पेटीत, आणि दलित मतदाराने सवर्ण उमेदवाराच्या पेटीत, आपण होऊन मत टाकावे ही घटना महाराष्ट्राच्या राजकारणात इतक्या मोठ्या प्रमाणावर त्यापूर्वी क्वचितच घडली असेल. समितीच्या पराक्रमांत हिची गणना व्हावी तितकी होत नाही.

परंतु एका प्रश्नाने सारे रान व्यापले म्हणजे दुसऱ्या प्रश्नांचे काय होते, हेही ठाणे जिल्ह्यापुरते पाहिले पाहिजे.

पडघ्यापासून जवळच असलेल्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथवर आलेल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्धचा निरोप उंबरगाव-डहाणूपर्यंत नेला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभारलेल्या त्या लढ्याने वेठ आणि लग्नगडीची गुलामी मोडून काढली. १९५७ साली शामराव परुळेकर ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. आता हा कौल कशाचा समजावयाचा? संयुक्त महाराष्ट्राचा, की जमिनीचा आणि मजुरीचा? पेटीत पडलेली कोरी मतपत्रिका याचे उत्तर देत नाही. गिरगावातल्या मतदाराच्या आणि तलासरीतल्या मतदाराच्या मतांची बेरीज एकाच मागणीखाली झाली, इतकेच निश्चित सांगता येते.

आणि जमिनीचा प्रश्न त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, ऐन तोंडावर आला होता. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला जाणार होता. जुन्या मुंबई राज्याच्या मुलखातील लाखो कुळांच्या दृष्टीने याहून मोठी तारीख कोणती? मतदान आणि कृषकदिन यांत जेमतेम महिन्याचे अंतर. कुळाचे नाव सातबाऱ्यावर लागले आहे काय, तोंडी कुळांचे काय होणार, जमीनमालक 'राजीखुशीने' म्हणून जे राजीनामे लिहून घेत आहेत त्यांना वैध मानावयाचे काय, खरेदीची किंमत कोण ठरवणार आणि हप्ता चुकला तर पुढे काय, हे सगळे प्रश्न निखालस राज्य विधिमंडळाच्या कक्षेतले होते. विधानसभेच्या उमेदवाराला अडवून विचारण्याजोगे हेच होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर आणि खुदानपूर यांनी कूळकायद्याच्या अंमलबजावणीची जी पाहणी केली ती १९५७ मध्येच प्रसिद्ध झाली. कायद्याच्या संरक्षणाखाली असलेली कुळे प्रत्यक्षात जमिनी सोडून देत आहेत, आणि या स्वेच्छेच्या राजीनाम्यांत स्वेच्छा फारशी नाही, हे तिच्यातून पुढे आले. मात्र निवडणुकीच्या सभांत हा विषय आला तो बहुधा भाषणाच्या शेवटी, मुंबईची घोषणा होण्याच्या आधीचा एखादा परिच्छेद म्हणून. समितीतील पक्ष शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचेच होते, त्यामुळे त्यांना या प्रश्नाची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु समिती टिकवावयाची तर जमिनीचा प्रश्न मागे ठेवावा लागे, कारण तो पुढे आला की समितीच्या मंचावरील माणसे एकमेकांकडे पाहू लागत.

प्रजासमाजवादी पक्षापुरते बोलावयाचे तर ओढाताण आणखी खोल होती. एस. एम. जोशी समितीचे सरचिटणीस होते आणि द्विभाषिकाविरुद्धच्या लढ्याचे ते सर्वांत विश्वासार्ह नेतृत्व होते. त्याच पक्षाच्या अशोक मेहतांनी लोकसभेत विशाल द्विभाषिकाच्या बाजूने भूमिका घेतली होती. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याहून निवडून आलेले मेहता १९५७ साली बिहारमधील मुझफ्फरपूरहून लोकसभेत गेले. एकच पक्ष, पण दिल्लीत बसून पाहिले की एक प्रश्न दिसतो आणि पुण्यात बसून पाहिले की दुसरा. मेहतांना महाराष्ट्रद्रोही म्हणून निकालात काढणे सोपे होते आणि अनेकांनी ते केले. भाषिक भावनेच्या लाटेत नियोजन, उद्योग आणि वर्गीय प्रश्न वाहून जातील, हे भय मेहतांसारख्या माणसाला वाटणे अस्वाभाविक नव्हते. त्यांची चूक होती ती निराळी. लोकांना विचारल्याशिवाय लोकांचे राज्य ठरवता येते, हे त्यांनी गृहीत धरले. एस. एम. यांचे बळ नेमके यातच होते, की लोकांना काय हवे ते त्यांना ठाऊक होते. आणि समाजवादी म्हणून ते हवेपण पुढे कोठे न्यावयाचे, याला त्यांच्याजवळ वेळ उरला नाही.

मग १९६० साली महाराष्ट्र मिळाला तो कसा? विधानसभेतील संख्याबळाने नव्हे, लोकसभेतील संख्याबळाने तर नव्हेच. तो मिळाला पुढच्या निवडणुकीच्या धाकाने. आणि हा धाक कायम राहिला, कारण १९५७ च्या मार्चनंतर मतदान थांबले नाही. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत समितीने बाजी मारली. १९५८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे मिरजकर महापौर झाले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करावयास आले तेव्हा वाटेवर उभा राहिलेला निदर्शकांचा समुदाय दिल्लीला १९६२ ची आठवण करून देत होता. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी असलेल्या इंदिरा गांधींनी द्विभाषिकाचा फेरविचार व्हावा असा आग्रह धरला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात कार्यकारिणीने विभाजन मान्य केले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली. संसद तीच, बहुमतही तेच. १९५६ साली जे राष्ट्रीय ऐक्यासाठी आवश्यक होते ते चार वर्षांत अनावश्यक ठरले.

राज्य मिळताच समिती फुटली. सीमाभागाचा प्रश्न, बेळगाव-कारवारचा प्रश्न शिल्लक होता, पण तेवढ्यावर सगळे पक्ष एकत्र राहिले नाहीत. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसने २१५ जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १५, प्रजासमाजवादी पक्षाला ९, कम्युनिस्टांना ६. लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसच्या. राजापूरला नाथ पै टिकले. द्विभाषिक आणि महाराष्ट्र यांचे क्षेत्र निराळे असल्यामुळे आकड्यांची तुलना जपून केली पाहिजे हे खरे. तरी घसरण लपत नाही. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाला याचे श्रेय दिले जाते आणि ते देणे योग्यच आहे. पण समितीच्या पक्षांना १९५७ साली मिळालेली मते ज्या प्रश्नावर मिळाली होती तो प्रश्न सुटला, आणि दुसरा प्रश्न त्यांनी त्या मतदाराला कधी विचारलाच नव्हता, हेही कारण तितकेच मोठे आहे.

निवडणुकीतल्या विजयावरून एखाद्या विशिष्ट प्रश्नावरचे लोकमत ओळखता येते काय? या बाबतीत गोव्याचा अनुभव महाराष्ट्राला न आवडणारा, पण शिकण्यासारखा आहे. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि महाराष्ट्रात विलीनीकरण हा ज्याचा मुख्य कार्यक्रम तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. महाराष्ट्रातील सर्व पक्षांनी याचा अर्थ एकच घेतला: गोव्याने कौल दिला. परंतु संसदेने १९६६ मध्ये कायदा करून हा प्रश्न निराळा विचारला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदाराने फूल किंवा दोन पाने यांपैकी एका निशाणीवर मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. आणि अवघ्या दोन महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी दयानंद बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवले. जमीनदारांच्या पक्षाऐवजी बहुजनांचा पक्ष हवा, पण महाराष्ट्रात जावयाचे नाही, असे दोन प्रश्नांना दोन उत्तरे गोव्याच्या मतदाराने शांतपणे दिली. निराळे विचारले म्हणून ती निराळी मिळाली.

१९५७ ची ही चर्चा आज कोणी केवळ इतिहास म्हणून ऐकत असेल तर त्याने १७ डिसेंबर २०२४ ही तारीख आठवावी. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठी १२९ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक त्या दिवशी लोकसभेत मांडले गेले आणि नंतर संयुक्त समितीकडे सोपवले गेले. १९५२ ते १९६७ या चार निवडणुका तर एकत्रच होत होत्या, मग आता हरकत कसली, असा युक्तिवाद केला जातो. या युक्तिवादाला दिलेले एक नेहमीचे उत्तर असे की, मतदान एकत्र झाले म्हणजे मतदार दोन्हीकडे एकाच पक्षाला मत देतो. हे उत्तर पुरेसे बळकट नाही. १९५६ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षाचे आणि गव्हर्नरचे मतदान झाले. शेतमालाच्या भावाने नाराज असलेल्या त्या शेतकरी राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन आयसेनहॉवरना आणि गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट लव्हलेसना निवडले. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. १९९९ साली महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या, आणि विधानसभेत मात्र बहुमत कोणालाच न मिळून काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांचे सरकार आले. मतदाराच्या बुद्धीवर अविश्वास दाखवून एकत्र निवडणुकांना विरोध करणे म्हणजे १९५२ च्या त्या शहरी शंकेकडेच परत जाणे होय.

खरी हरकत १९५७ ने दाखवली ती आहे. एकत्र मतदानात मतदार गोंधळत नाही, प्रश्न गोंधळतात. एका सभागृहाचा प्रश्न दुसऱ्याचा प्रश्न गिळून टाकतो. त्या वर्षी प्रदेशाच्या प्रश्नाने कुळाचा प्रश्न गिळला. आणि प्रदेशाचा प्रश्न सुटला तो मधल्या निवडणुकांमुळे, ज्या बंद करणे हेच नव्या योजनेचे मुख्य आकर्षण म्हणून सांगितले जाते. भिवंडी लोकसभा मतदारसंघातील मतदाराने २० मे २०२४ रोजी केंद्रातील एका राज्यमंत्र्याला घरी बसवले. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच मतदारसंघातील सहा विधानसभा जागांपैकी पाच त्याने त्याच मंत्र्यांच्या आघाडीला दिल्या. या दोहोंपैकी कोणता निर्णय कोणाला आवडला हा ज्याचा त्याचा भाग. परंतु सहा महिन्यांच्या त्या अंतरात राज्य सरकारला लोकांकडे पाहावे लागले, घाईने योजना आणाव्या लागल्या. मधल्या मतदानाचा धाक म्हणतात तो हाच.

पडघ्याच्या परिसरात कोणता प्रश्न कोणाच्या दारी न्यावयाचा याचा घोळ काही कमी नाही. नाशिक महामार्गावरचा टोल केंद्राचा विषय, आमण्याला येऊन संपणारा समृद्धी महामार्ग राज्याचा. गोदामांनी व्यापलेल्या शेतजमिनीची बिनशेती परवानगी महसूल खात्याची, आणि गोदामात बारा तास राबणाऱ्या मजुराचे कामाचे तास केंद्राच्या कामगार संहितेत. यांपैकी कोणता प्रश्न एकाच दिवशीच्या दोन मतांत शिल्लक राहील, हे आधी सांगता येणार नाही.

विधेयकातील एक तरतूद मात्र आजच बारकाईने वाचावी. विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली तर नवी निवडणूक होईल, पण नवी विधानसभा पुऱ्या पाच वर्षांची नसेल. उरलेल्या मुदतीपुरतीच असेल. म्हणजे चार वर्षांनी सरकार कोसळले तर मतदाराने एका वर्षासाठी आमदार निवडावयाचा. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने १४ मार्च २०२४ रोजी दिलेल्या अहवालात असेही मत दिले की, लोकसभा आणि विधानसभा यांच्या एकत्र निवडणुकांसाठीच्या घटनादुरुस्तीला राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेण्याची आवश्यकता नाही. ती लागेल फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका त्यांना जोडावयाच्या झाल्या तर. स्थानिक संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव ताजा आहे. २०२२ पासून अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे निवडणुकीवाचून प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि त्यासाठी कोणाला घटनादुरुस्तीही करावी लागली नाही.